विश्लेषण : ‘राजपथ’चा ‘कर्तव्यपथ’ झाला, पण दिल्लीच्या नकाशात कोण कुठे आहे?

रायसीना टेकडीवरील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या दोन इमारतींतून जवळपास शतकभर देशाचा कारभार चालला. तेथील मंत्रालये आता कर्तव्यपथालगत उभ्या राहणाऱ्या नव्या केंद्रीय सचिवालयात हलवण्याचे ठरले आहे. या सचिवालयातील पहिली इमारत, ‘कर्तव्य भवन-३’, हिचे उद्घाटन ६ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. रिकाम्या होणाऱ्या दोन्ही ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ हे राष्ट्रीय संग्रहालय साकारण्याची योजना आहे. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये ‘राजपथ’चे नाव ‘कर्तव्यपथ’ झाले आणि २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले.

गुलामगिरीच्या खुणा पुसण्यासाठी हे बदल असल्याचे सरकार सांगते. विरोधक त्याला उधळपट्टी म्हणतात. दोन्ही बाजूंची चर्चा इमारती, पुतळे आणि नावे यांच्याभोवती फिरते. मूळ नकाशाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कोण मध्यभागी, कोण उंचावर, कोण कडेला आणि कोण हद्दीबाहेर, हे सारे त्या नकाशाने ठरवले होते. त्यातले किती बदलले आणि किती तसेच राहिले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

शहराच्या आखणीत विचारसरणी कुठून येते?

शहर आखणारा माणूस रस्ते आणि गटारे आखतो, तसा समाजही आखतो. बगदाद इ.स. ७६२ मध्ये खलिफा मन्सूरने वसवले तेव्हा ते वर्तुळाकार होते. चार दिशांना चार वेशी आणि बरोबर मध्यभागी खलिफाचा राजवाडा व मशीद. बीजिंगमध्ये उत्तर-दक्षिण अशी ७.८ किलोमीटरची सरळ रेषा आहे आणि सम्राटाचा निषिद्ध राजवाडा तिच्यावरच बसवलेला आहे. या मध्यअक्षाला २०२४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा दर्जा दिला.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘दुर्गनिवेश’ हे प्रकरण याहून स्पष्ट आहे. नगरात ब्राह्मणांनी उत्तरेला, क्षत्रियांनी पूर्वेला, वैश्यांनी दक्षिणेला आणि शूद्रांनी पश्चिमेला राहावे, असे त्यात सांगितले आहे. चांडाळांची जागा स्मशानाच्या कडेला. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. ‘गावकुसाबाहेर’ हा एक शब्द पुरेसा आहे. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय आवश्यकच होता. पण पाटी बदलली तरी वस्तीची जागा गावाच्या त्याच टोकाला राहते. पाणवठा आणि स्मशान यांच्यापासूनचे अंतरही बदलत नाही. दिल्लीचा प्रश्न असाच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

नवी दिल्ली कोणासाठी आखली गेली?

एका माणसासाठी. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्जने राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. तीनच दिवसांनी दरबाराच्या जागेजवळ पायाभरणीही उरकण्यात आली. नंतर तज्ज्ञांची समिती आली आणि जागा बदलून शहराच्या दक्षिणेकडील रायसीना टेकडी निवडली गेली. रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आल्या.

वास्तुरचनाकार एडविन ल्युटन्स यांनी आखलेल्या नकाशाचा कणा म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारा ‘किंग्ज वे’. पश्चिम टोकाला टेकडीवर व्हाइसरॉयचा वाडा. पूर्व टोकाला युद्धात मरण पावलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक, म्हणजे आजचे इंडिया गेट. तीच रेषा पुढे वाढवली की आपण पोहोचतो पुराण्या किल्ल्याकडे, जिथे पांडवांचे इंद्रप्रस्थ होते असे मानले जाते. टेकडीच्या पायथ्याकडून निघणारी आणखी एक तिरकी रेषा शहाजहानच्या जामा मशिदीच्या रोखाने आखली होती. आजचा संसद मार्ग याच रेषेवर आहे. थोडक्यात, पांडव आणि मोगल यांच्यानंतर आता आम्ही, असा वारसाहक्क ब्रिटिशांनी नकाशावरच नोंदवला. अशोक, पृथ्वीराज, अकबर, शहाजहान, औरंगजेब यांची नावे रस्त्यांना देण्यामागेही हाच हिशेब होता.

इंडिया गेटभोवतीचा षट्कोन संस्थानिकांना मिळाला. हैदराबाद, बडोदा, पतियाळा, जयपूर, बिकानेर यांची निवासस्थाने तिथे उभी राहिली. गायकवाडांचे बडोदा हाऊस ल्युटन्स यांनीच रचले. आज त्यात उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. संस्थानिकांची ही जागा बघण्यासारखी आहे. राजरस्त्यावर मानाचे स्थान, पण व्हाइसरॉयपासून सर्वात लांबच्या टोकाला. मध्ये छत्री आणि छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा. राजांनी घराबाहेर पडावे तर समोर बादशहा.

चढाचा वाद काय होता?

या नकाशातील सर्वात रंजक गोष्ट म्हणजे एक चूक. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सर्वेक्षण शिकलेल्या कोणालाही ती पटकन कळेल.

ल्युटन्स यांच्या मनात टेकडीच्या माथ्यावर फक्त व्हाइसरॉयचा वाडा होता. १९१३ मध्ये हर्बर्ट बेकर त्यांचे सहकारी म्हणून आले. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या टेकडीवर त्यांनी सरकारी इमारती बांधल्या होत्या. बेकर म्हणाले, सचिवालयाच्या दोन इमारतीही माथ्यावरच, वाड्याच्या पातळीला हव्यात. राज्य एकटा व्हाइसरॉय चालवत नाही, प्रशासन चालवते, असा त्यामागचा विचार. ल्युटन्स यांनी होकार दिला. सचिवालये पुढे आली आणि वाडा पश्चिमेकडे मागे सरकला.

इथे गडबड झाली. गडाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, तर तटाच्या कडेला असलेला बुरूज दिसतो. कडेपासून आत असलेल्या देवळाचा मात्र कळस तेवढा दिसतो. पाहणाऱ्याची नजररेषा चढाच्या माथ्याला घासून वर निघून जाते आणि त्या रेषेखालचे सारे लपते. किंग्ज वेवर नेमके हेच झाले. इंडिया गेटकडून, म्हणजे लांबून, वाडा दिसतो. टेकडीच्या पायथ्याशी, आजच्या विजय चौकात, आलो की तो खाली बुडू लागतो आणि घुमटाचा वरचा भाग तेवढा उरतो. चढ संपल्यावर तो पुन्हा प्रकटतो. गंमत म्हणजे जसजसे जवळ जावे तसतसे साम्राज्याच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याचे घर दिसेनासे होते आणि दोन्ही बाजूंना त्याच्या सचिवांच्या कचेऱ्या उभ्या राहतात.

ल्युटन्स यांना हे उमगले तेव्हा आराखड्यावर त्यांचीच सही होती. चढ मागेपर्यंत खोदून सौम्य करा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. खर्चामुळे मागणी फेटाळली गेली. बेकर यांच्याशी त्यांचे बोलणे जवळपास बंद झाले. वॉटर्लूच्या लढाईवर कोटी करत त्यांनी या पराभवाला ‘बेकरलू’ असे नाव दिले. लंडनच्या एका भुयारी रेल्वेमार्गाचे नावही तेच आहे.

दोन मोठ्या माणसांचे भांडण म्हणून हा किस्सा नेहमी सांगितला जातो. मला तो प्रशासनाच्या वजनाचा किस्सा वाटतो. व्हाइसरॉय गेले, राष्ट्रपती आले. पण पायथ्याशी उभ्या असलेल्या नागरिकाला समोर दिसत राहिले ते नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकच.

संसद नकाशात कुठे होती?

नव्हतीच. मूळ योजनेत विधिमंडळासाठी स्वतंत्र इमारत नव्हती, कारण निवडून आलेल्यांचे म्हणावे असे सभागृहच नव्हते. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी दोन सभागृहे आली, त्यांच्या जोडीला नरेंद्र मंडळ, आणि मग जागेची शोधाशोध सुरू झाली. तोवर मुख्य रेषेवरच्या, टेकडीवरच्या जागा वाटून झाल्या होत्या. म्हणून ‘कौन्सिल हाऊस’ला टेकडीखाली, मध्यरेषेपासून बाजूला जागा मिळाली. पायाभरणी फेब्रुवारी १९२१ मध्ये झाली आणि उद्घाटन जानेवारी १९२७ मध्ये.

बेकर यांचा पहिला आराखडा त्रिकोणी होता. ल्युटन्स यांनी वर्तुळाकाराचा आग्रह धरला आणि या वेळी तेच जिंकले. १४४ खांबांची ती गोल इमारत पुढे भारतीय लोकशाहीची ओळख झाली. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी एप्रिल १९२९ मध्ये बॉम्ब टाकला तो याच इमारतीत आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा प्रथम बसली तीही इथेच. नकाशाने मागाहून, कोपऱ्यात बसवलेल्या इमारतीला इतिहासाने मध्यभागी आणले. २०२३ मधील नवे संसद भवन त्रिकोणी आहे. त्यामागचे कारण भूखंडाचा आकार हे आहे. तरी बेकर यांचा पहिला त्रिकोण आठवतोच.

न्यायसंस्थेचे तर नकाशात नावही नव्हते. १९३७ पासून संघीय न्यायालय आणि १९५० पासून सर्वोच्च न्यायालय संसदेच्याच इमारतीतील नरेंद्र मंडळाच्या दालनात भरत असे. स्वतःच्या इमारतीत, म्हणजे टिळक मार्गावर, सर्वोच्च न्यायालय १९५८ मध्ये गेले. ती इमारत गणेश भिकाजी देवळालीकर यांनी रचली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे ते पहिले भारतीय प्रमुख. न्यायाच्या तराजूची कल्पना त्यांनी इमारतीच्या आराखड्यातच आणली. मधला भाग तराजूची दांडी आणि दोन्ही बाजूंना दोन पारडी. ब्रिटिशांच्या रेषेपासून दूर, वेगळ्या कल्पनेवर उभी राहिलेली स्वतंत्र भारताची ही पहिल्या काही इमारतींपैकी एक. त्यामागचा मराठी माणूस मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेची राजधानी १७९१ मध्ये पिएर लाँफाँ यांनी आखली. त्यांनी टेकडी दिली ती काँग्रेसला, म्हणजे कायदेमंडळाला. राष्ट्राध्यक्षांचे घर तेथून दूर आणि दोघांना जोडणारा पेनसिल्व्हेनिया मार्ग. दोन सत्ता वेगळ्या आणि एकमेकींवर नजर ठेवून असाव्यात, हा विचार रस्त्यांमध्ये उतरला. न्यायालयाचे मात्र तिथेही आपल्यासारखेच झाले. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय १९३५ पर्यंत काँग्रेसच्या इमारतीतच भरत असे.

ब्राझीलने १९६० मध्ये ब्रासिलिया ही नवी राजधानी सुरू केली. लुसिओ कोस्टा यांनी आराखडा केला, ऑस्कर नीमायर यांनी इमारती रचल्या. संसद, राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आणि सर्वोच्च न्यायालय एकाच ‘तीन सत्तांच्या चौका’त, त्रिकोणाच्या तीन कोनांवर. मंत्री आणि शिपाई एकाच वसाहतीत राहतील, असेही स्वप्न होते. शहर बांधणारे मजूर मात्र आराखड्यात नव्हते. त्यांच्यासाठी तागुआतिंगासारखी उपनगरे लांबवर वसवावी लागली, तीही राजधानीच्या उद्घाटनाच्या आधीच. आणि तीन सत्तांची समानता दाखवणारा तो मोकळा चौक ८ जानेवारी २०२३ रोजी दंगलखोरांना फारच सोयीचा ठरला. काही वेळातच त्यांनी तिन्ही इमारतींत घुसून मोडतोड केली.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९८८ मध्ये संसद टेकडीच्या आत बांधली गेली आणि छतावर हिरवळ ठेवली. नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालावे, ही कल्पना. २०१७ मध्ये सुरक्षेसाठी त्या हिरवळीवर कुंपण आले. चंडीगडमध्ये नेहरूंना राज्यपालांचा प्रासाद लोकशाहीला साजेसा वाटला नाही आणि ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यातील तो प्रासाद बांधलाच गेला नाही. पण विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामधला जो विस्तीर्ण चौक लोकांसाठी होता, तो १९९५ मध्ये सचिवालयाबाहेर मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची हत्या झाल्यानंतर अधिकाधिक बंदिस्त होत गेला.

घरे कोणाला, कुठे?

पुन्हा दिल्लीकडे. टेकडीपासूनचे अंतर, भूखंडाचा आकार आणि बागेची लांबी-रुंदी हे सारे वंश, पद आणि पगार पाहून ठरवलेले होते. ज्येष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांना रायसीनाच्या दक्षिणेला प्रशस्त बंगले, भारतीय कारकुनांना उत्तरेकडे गोल मार्केटच्या बाजूला लहान घरांच्या रांगा, शिपायांना त्याहून लहान. पत्ता सांगितला की हुद्दा कळावा, अशी व्यवस्था. १९४७ नंतर यातला वंश गेला, हुद्दा राहिला. आजही सरकारी निवासस्थाने श्रेणीनुसार मिळतात आणि ‘ल्युटन्स दिल्ली’ हा शब्द राजकीय शिवीसारखा वापरणारे नेतेही निवडून आल्यावर तिथल्याच बंगल्यांत राहायला जातात.

स्वातंत्र्यानंतर नेमके काय बदलले?

१३ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी नव्या राजधानीचे रीतसर उद्घाटन केले. शतकानुशतके राज्य करण्यासाठी बांधलेल्या या शहरातून ब्रिटिशांनी पुढे जेमतेम १६ वर्षे राज्य केले. नव्या सरकारने शहर पाडले नाही. त्यातल्या जागा बदलून घेतल्या. सरसेनापतींच्या बंगल्यात, आजच्या तीन मूर्ती भवनात, पंतप्रधान नेहरू राहायला गेले. सी. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले तेव्हा त्यांनी व्हाइसरॉयची शाही दालने नाकारून पाहुण्यांच्या बाजूच्या साध्या खोल्या निवडल्या. ३४० खोल्यांच्या वाड्यातील ही निवड आपल्याकडे जेवढी सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

‘किंग्ज वे’चा ‘राजपथ’ झाला, म्हणजे भाषांतर झाले. त्याला छेदणाऱ्या ‘क्वीन्स वे’चा मात्र ‘जनपथ’ झाला. राणीच्या जागी जनता आली, राजा तसाच राहिला! १९५५ पासून प्रजासत्ताक दिनाचे संचलन राजपथावर कायम झाले आणि साम्राज्याच्या मिरवणुकीसाठी आखलेला रस्ता प्रजासत्ताकाच्या मिरवणुकीला लाभला. पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवण्यात आला. आज तो जुन्या दरबाराच्या जागी, कॉरोनेशन पार्कमध्ये आहे. त्यानंतर छत्री ५४ वर्षे रिकामी होती. तिथे गांधीजींचा पुतळा बसवण्याची चर्चा अनेकदा झाली. माझ्या मते त्या रिकाम्या छत्रीइतके नेमके प्रतीक दिल्लीत दुसरे नव्हते. बादशहा गेला आणि त्याच्या जागी कोणीही बसले नाही, असे ती सांगत होती. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फुटी पुतळा बसला आणि त्याच कार्यक्रमात कर्तव्यपथाचे लोकार्पण झाले. नेताजींच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण ती जागा रस्त्याच्या टोकाशी एक व्यक्ती उभी करण्याची आहे, ही ब्रिटिशांची कल्पना त्यामुळे पुन्हा जिवंत झाली.

सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाबद्दलही असेच म्हणता येते. नवी संसद जुन्या संसदेच्या शेजारीच, मुख्य रेषेच्या बाजूला आहे. नव्या सचिवालयाच्या इमारती कर्तव्यपथाच्या दोन्ही बाजूंना सारख्या ओळीत येणार आहेत. म्हणजे ल्युटन्स यांची रेषा पुसली न जाता अधिक ठळक होणार आहे. कृषी भवन, उद्योग भवन, शास्त्री भवन ही नेहरू-काळात आणि त्यानंतर उभी राहिलेली, दिसायला सामान्य भवने या योजनेत जाणार आहेत. ब्रिटिशांचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक संग्रहालय होऊन टिकणार आहेत. पाडकामाच्या यादीत स्वतंत्र भारताने बांधलेले आहे आणि जतनाच्या यादीत साम्राज्याने बांधलेले, हा तपशील ‘गुलामगिरीच्या खुणा’ या भाषेशी जुळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्पाला हिरवा कंदील दिला. बहुमताचा निकाल न्या. अजय खानविलकर यांनी लिहिला. न्या. संजीव खन्ना यांनी वेगळे मत नोंदवले. जमिनीचा वापर बदलताना लोकांना पुरेशी माहिती देऊन त्यांचे म्हणणे खऱ्या अर्थाने ऐकले गेले नाही आणि वारसा संवर्धन समितीची पूर्वपरवानगी घेतली गेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९१३ मध्ये दिल्लीच्या नकाशाबद्दल दिल्लीकरांना कोणी विचारले नव्हते. २०२१ मध्ये तो प्रश्न निदान एका न्यायमूर्तींच्या निकालपत्रात आला.

रस्त्यावर बसण्याचा हक्क कोणाला?

नकाशाची खरी कसोटी इथे लागते. किंग्ज वेच्या दोन्ही बाजूंची हिरवळ मिरवणूक बघणाऱ्यांसाठी होती. दिल्लीकरांनी तिचा ताबा वेगळ्याच प्रकारे घेतला. उन्हाळ्याच्या रात्री आइस्क्रीम, हिवाळ्यात उन्हात सतरंजी, क्रिकेट, फुगे. आणि राजपथालगतच्या बोट क्लबवर सभा, मोर्चे, धरणी. संसद आणि मंत्रालये तिथून हाकेच्या अंतरावर.

ऑक्टोबर १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकरी बोट क्लबवर आले. ट्रॅक्टर, बैलगाड्या, हुक्के, चुली असा सारा संसार घेऊन ते आठवडाभर तिथे बसले. ज्या हिरवळीवर साम्राज्याने सलामी घेतली, तिथे भाकऱ्या भाजल्या जात होत्या. त्या आंदोलनानंतर बोट क्लब सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले. १९९० च्या दशकात तिथे सभांना बंदी आली आणि आंदोलने जंतर मंतरच्या रस्त्यावर ढकलली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आवाजाच्या कारणावरून जंतर मंतरही बंद केले. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी चालणार नाही, असे सांगत जंतर मंतर आणि बोट क्लब या दोन्ही ठिकाणांसाठी पोलिसांना नियमावली करायला सांगितले. हक्क कागदावर परत आला. पण कृषी कायद्यांविरोधात २०२०-२१ मध्ये शेतकरी निघाले, तेव्हा त्यांना सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या दिल्लीच्या वेशींवर वर्षभर थांबावे लागले. गाझीपूरला बसलेले राकेश टिकैत हे महेंद्रसिंहांचे चिरंजीव. वडील बसले होते तिथून मुलगा किती दूर थांबवला गेला, हे नकाशावर बोट ठेवून मोजता येते. जुलै २०२१ मध्ये जंतर मंतरवर ‘किसान संसद’ भरवायला परवानगी मिळाली, ती दिवसाला २०० जणांना.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसदेचे उद्घाटन सुरू असताना विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर कुस्तीपटू जंतर मंतरहून त्या इमारतीकडे निघाले. त्यांना वाटेतच ताब्यात घेण्यात आले आणि जंतर मंतरवरचा त्यांचा तळही हटवण्यात आला. एवढ्या लहान अंतरात त्या दिवशी दोन्ही दृश्ये घडली.

मुंबईत याच्या उलट झाले होते. फोर्टच्या तटबंदीसमोर तोफांचा मारा नीट करता यावा म्हणून ब्रिटिशांनी ‘एस्प्लनेड’ची जागा मोकळी ठेवली. १८६० च्या दशकात तट पाडला गेला आणि त्या मोकळ्या पट्ट्यातून पुढे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल उरले. शत्रूवर गोळे डागायला राखलेली जागा आंदोलकांची झाली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी रक्ताळलेल्या पायांनी इथेच पोहोचले. मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण २९ ऑगस्ट २०२५ रोजी इथेच सुरू झाले. गर्दी मैदानाबाहेर रस्त्यांवर पसरल्यावर उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्यास सांगितले आणि २ सप्टेंबरला उपोषण मागे घेतले गेले. न्यायालयाचा मुद्दा रास्त असला, तरी एक गोष्ट विसरता येत नाही. आझाद मैदानापासून मंत्रालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणूनच लोक तिथे येतात. आंदोलनाची जागा सत्तेपासून जितकी दूर, तितके ते आंदोलन सोयीचे. आंदोलकांना नव्हे, सत्तेला.

आजही अशा राजधान्या आखल्या जात आहेत का?

आंध्र प्रदेशातील अमरावती हे सर्वात जवळचे उदाहरण. ऑक्टोबर २०१५ मध्ये पायाभरणी झाली. शेतकऱ्यांनी ३० हजारांहून अधिक एकर जमीन एकत्र करून दिली. मोबदल्यात विकसित भूखंड मिळणार होते. नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा आराखडा, मध्ये हिरवा पट्टा, त्यावर विधानसभा आणि उच्च न्यायालय, सोबत वास्तुशास्त्राचा आधार. म्हणजे पुन्हा तीच सरळ रेषा. २०१९ मध्ये सरकार बदलले आणि जगनमोहन रेड्डी यांनी तीन शहरांत तीन राजधान्यांची कल्पना मांडली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या हाती ना शेत राहिले, ना शहर आले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडू परतले आणि २ मे २०२५ रोजी कामे पुन्हा सुरू झाली. राजधानीचे प्रतीक कसे असावे यावर नेत्यांची मते पाच वर्षांनी बदलू शकतात. पण एकदा दिलेली जमीन पुन्हा पिकाखाली येत नाही.

दिल्लीत पुढे काय?

नव्या लोकसभेत ८८८ आणि राज्यसभेत ३८४ आसने आहेत. आजची लोकसभा ५४३ सदस्यांची आहे. म्हणजे मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर वाढू शकणाऱ्या संख्येसाठी जागा आधीच करून ठेवलेली आहे. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि लोकसंख्येच्या आधारे जागा वाटल्या तर आपला वाटा घटेल, अशी भीती तमिळनाडू, केरळसह दक्षिणेतील राज्ये उघडपणे मांडत आहेत. १९१३ च्या नकाशात खासदारांसाठी खोलीही नव्हती. २०२३ च्या इमारतीत खुर्च्या आहेत, पण त्यातल्या वाढीव खुर्च्या कोणत्या राज्यांच्या वाट्याला जाणार, हे अजून ठरायचे आहे. महाराष्ट्राच्या ४८ जागांचे काय होणार, हा प्रश्नही त्याच यादीत आहे.